एका सर्व्हरवर चाळीस मुलं: सीपीयू खाणारे प्रोग्रॅम आपोआप आवरायचे कसे?

टिळकवाडी_लॅब

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबसाठी विचारतेय.

मशीन असं आहे: १६ कोअर, ३२ थ्रेड, १२८ जीबी रॅम, एनव्हीएमई डिस्क, उबुंटू २२.०४, कर्नल ५.१५. खाती ४०, एका वेळी आत १५ ते २० मुलं. काहीजण एसएसएचने येतात, काही ज्युपिटरहबमधून (ब्राउझरमध्ये पायथनच्या नोटबुक चालवायची सोय). कामं म्हणजे पायथन-नमपाय, व्हेरिलॉग सिम्युलेशन, मेकॅनिकलच्या मुलांचं ओपनफोम (द्रव-वायूंच्या प्रवाहाचं सिम्युलेशन) आणि नेहमीचे सी प्रोग्रॅम.

दोन-तीन मुलांची मोठी कामं चालू झाली की बाकीच्यांना एडिटरमध्ये दाबलेलं अक्षर दोन-दोन सेकंदांनी दिसाय लागतंय. लोड (चालू आणि वाट बघणाऱ्या प्रोसेसची संख्या) ७० ते ९०. सध्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) एक शेल स्क्रिप्ट आहे. दर ५ मिनिटांनी ती पीएसची यादी बघते, ज्या प्रोसेसने १० मिनिटांपेक्षा जास्त सीपीयू वेळ घेतलाय तिला नाइस १९ (सगळ्यात कमी प्राधान्य) लावते आणि १ तास ओलांडला की किल करते. तीन तक्रारी आहेत:

नाइस १९ लावूनही बाकीच्यांना काहीच फरक पडत नाही. रात्रभर चालायला हवं असं ओपनफोमचं योग्य काम मरतं. आणि एकामागून एक शेकडो छोट्या प्रोसेस सोडणारं काम स्क्रिप्टच्या तावडीत कधीच येत नाही.

प्रोसेस मारायच्या नाहीत, पण कुणाचं काम दुसऱ्याच्या अंगावरही यायला नको. कसं करावं?

---

खानापूरकर

मॅडम, आधी तुमच्या पहिल्या तक्रारीचं बघू, कारण बाकीचं सगळं त्यातून उलगडतं.

नाइस लागत नाही, यामागे ऑटोग्रुप आहे. कर्नल २.६.३८ पासून (२०११) ही सोय आहे आणि उबुंटूत ती चालूच असते. प्रत्येक लॉगिन सेशनचा कर्नल एक गट करतो आणि सीपीयूची वाटणी आधी गटागटांत होते. नाइसचा आकडा फक्त त्या गटाच्या आत चालतो. म्हणजे एका मुलाच्या सेशनमध्ये एकच जड प्रोसेस असेल आणि तिला १९ लावला, तर ती मागे सरणार कुणाच्या? गटात दुसरं कुणी नाहीच. शेजारच्या सेशनला त्याचा काडीचा उपयोग नाही. वर ज्याने सहा खिडक्या उघडून सहा वेळा लॉगिन केलं, त्याला सहा वाटे मिळतात.

प्रोक-सिस-कर्नलखालच्या शेड_ऑटोग्रुप_एनेबल्ड या फाईलमध्ये ० लिहून ते बंद करता येतं. मग नाइस सगळीकडे लागू होईल: नाइस ० चं वजन १०२४, १० चं ११०, १९ चं १५. एकाच कोअरवर ० आणि १९ समोरासमोर आले तर वाटणी ९८.६ विरुद्ध १.४ टक्के. पण मग दुसरी चूक उघडी पडते. वाटणी प्रोसेसच्या संख्येवर जाते. एकाने ६४ प्रोसेस सोडल्या आणि दुसऱ्याची एकच असली तर ३२ थ्रेडवर ६५ वाटेकरी, म्हणजे दुसऱ्याला जेमतेम अर्धा थ्रेड. जास्त प्रोसेस सोडणाऱ्याला बक्षीस दिल्यासारखंच होतं हे.

म्हणून प्रोसेसच्या मागे धावणं सोडा आणि माणशी वाटणी करा. उबुंटू २२.०४ मध्ये सीग्रुपची (प्रोसेसचे गट करून त्यांना मर्यादा घालणारी कर्नलची सोय) दुसरी आवृत्ती आणि सिस्टमडी २४९ (सेवा आणि सेशन सांभाळणारा प्रोग्रॅम) आहे, त्यामुळे काहीही नवीन बसवावं लागत नाही. प्रत्येक युजरचा स्लाइस (त्याच्या सगळ्या प्रोसेसचा एक गट) आधीच तयार होतो, फक्त त्यावर सीपीयूची वाटणी चालू नसते.

(या चर्चा-फळ्याच्या नियमामुळे आज्ञा देवनागरीत लिहितोय. मशीनवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या. सेटिंगच्या नावांत सीपीयू तिन्ही अक्षरं कॅपिटल, पुढच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, मध्ये जागा नाही.)

/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/ या डिरेक्टरीत युजर-.स्लाइस.डी नावाची डिरेक्टरी करा. नावातली आडवी रेघ आणि लगेचचा टिंब दोन्ही हवेत. त्या जोडीचा अर्थ "सगळे युजर". आत ५०-वाटणी.कॉन्फ अशी फाईल, आणि तिच्यात:

[स्लाइस]
सीपीयूवेट=१००
मेमरीहाय=२४जी
मेमरीमॅक्स=३२जी
टास्क्समॅक्स=२०००

वेट म्हणजे वाटणीतलं वजन. १०० हा त्याचा मूळचाच आकडा, मग लिहायचा कशाला असं वाटेल. तो स्पष्ट लिहिला की सिस्टमडी युजर स्लाइसवर सीपीयू कंट्रोलर (वाटणी करणारा कर्नलचा भाग) चालू करतो, आणि त्या क्षणी ऑटोग्रुप या खेळातून बाहेर पडतो. मग सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड. आत असलेल्या मुलांना सगळ्या खिडक्या बंद करून परत यायला सांगा. खात्रीसाठी /सिस/एफएस/सीग्रुप/युजर.स्लाइस/युजर-१००१.स्लाइस/ इथली सीपीयू.वेट फाईल वाचा, १०० दिसायला हवेत. फाईलच नसेल तर कंट्रोलर चालू झालेला नाही.

मेमरीच्या दोन ओळी गाळू नका. लोड ९० दिसतोय म्हणजे सीपीयूच अडलाय असं नाही. लिनक्सचा लोड डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही मोजतो. रॅम भरून स्वॅपिंग सुरू झालं की सीपीयू मोकळा असतानाही लोड चढतो आणि एडिटर असाच रखडतो. /प्रोक/प्रेशर/ मध्ये सीपीयू, मेमरी आणि आयओ अशा तीन फाईल आहेत. त्यातला "सम" ओळीचा एव्हीजी६० बघा. गेल्या मिनिटात किती टक्के वेळ कुणी ना कुणी त्या गोष्टीसाठी ताटकळत होतं, ते तो आकडा सांगतो. मेमरीचा आकडा वर असेल तर सीपीयूची कितीही वाटणी करा, अक्षर उशिराच उमटणार.

---

निपाणी_टर्मिनल

खानापूरकरांचं बरोबर आहे, पण या स्लाइसमधून निसटायच्या तीन वाटा आहेत. मॅडमच्या लॅबमध्ये त्यातली एक नक्कीच उघडी आहे.

ज्युपिटरहब. नेहमीचा स्पॉनर (नोटबुक सुरू करून देणारा भाग) सगळ्या मुलांच्या नोटबुक हबच्याच सर्व्हिसखाली चालवतो, म्हणजे सिस्टम.स्लाइसमध्ये. तुमची युजरची वाटणी तिथं पोचतच नाही. वीस मुलांच्या नोटबुक मिळून एक गट होतात आणि आपसात परत संख्येचीच मारामारी. सिस्टमडीस्पॉनर बसवा. तो प्रत्येकाच्या नोटबुकसाठी वेगळं युनिट करतो आणि मेम_लिमिट, सीपीयू_लिमिट दोन्ही घेतो. एसएसएच आणि नोटबुक दोन्ही वापरणाऱ्याला तरीही दोन वाटे मिळतील. ते चालून जातं.

क्रॉन. उबुंटूत क्रॉनमधून सुटलेलं काम क्रॉन.सर्व्हिसमध्येच राहतं, युजरच्या स्लाइसमध्ये जात नाही. मुलांना हे कळायला वेळ लागत नाही. /ईटीसी/क्रॉन.अलाउ फाईल करून तिच्यात फक्त शिक्षकांची खाती ठेवा.

डॉकर. कंटेनर डॉकरच्या डेमनखाली चालतो, त्यामुळे तोही युजर स्लाइसच्या बाहेर. शिवाय डॉकर गटात घातलेला युजर म्हणजे जवळपास रूटच. कंटेनर हवाच असेल तर रूटशिवायचा पॉडमॅन द्या, तो युजरच्याच स्लाइसमध्ये राहतो.

कुठली प्रोसेस कुठं आहे हे बघायला /प्रोक/पीआयडी/सीग्रुप वाचा. ओळीतला मार्ग /युजर.स्लाइसने सुरू होत नसेल तर ती निसटलेली आहे. सगळं झाड एकत्र बघायचं तर सिस्टमडी-सीजीएलएस.

---

टिळकवाडी_लॅब

खूप आभार. ज्युपिटरहबचं तसंच निघालं, सगळ्या नोटबुक एकाच सर्व्हिसखाली आहेत. स्पॉनर बदलते.

एक शंका. वेट लावण्यापेक्षा प्रत्येकाला सीपीयूकोटा=४००% देऊन टाकला तर? म्हणजे कुणीही चार थ्रेडच्या वर जाणारच नाही. हिशोब सरळ वाटतो.

---

निपाणी_टर्मिनल

सरळ वाटतो, पण एसएसएचच्या मुलांना सरसकट लावू नका. कारण आकड्यात बघा.

कोटा १०० मिलिसेकंदाच्या डावात मोजला जातो. ४००% म्हणजे दर डावात ४०० मिलिसेकंद सीपीयू वेळ. नमपायमागचा ओपनब्लास (गणिताची लायब्ररी) मशीनचे थ्रेड मोजतो, ३२ दिसतात, ३२ सोडतो. कोटा त्याला दिसत नाही. ३२ थ्रेड एकदम पळाले की ४०० मिलिसेकंद साडेबारा मिलिसेकंदांत संपतात, आणि उरलेले साडेसत्त्याऐंशी मिलिसेकंद त्या मुलाच्या स्लाइसमधलं सगळं गोठतं, त्याचं एडिटरसुद्धा. शिवाय हे थ्रेड एकमेकांची वाट बघताना रिकामी गिरकी घेत सीपीयू जाळतात, म्हणजे दिलेल्या ४०० मधलेही बरेच वाया. चार थ्रेडवर नीट चालवलेलं तेच काम यापेक्षा लवकर संपतं. हे चाललंय का ते त्या स्लाइसच्या सीपीयू.स्टॅट फाईलमध्ये कळतं: एनआर_थ्रॉटल्ड हा आकडा एनआर_पीरियड्सच्या जवळ गेला असेल तर जवळजवळ प्रत्येक डावात गळा आवळला जातोय.

दुसरं, पहाटे तीन वाजता मशीन रिकामं असतानाही कोटा चारवरच अडवतो. वेट फक्त गर्दी असताना काम करतो. रिकाम्या मशीनवर एकटा असेल त्याला बत्तीसच्या बत्तीस मिळतात. कॉलेजचं मशीन रात्री पडून राहण्यात कुणाचा फायदा?

त्याऐवजी थ्रेडची संख्याच मुळात आवरा. /ईटीसी/प्रोफाइल.डी/ मध्ये एक छोटी फाईल करून ओएमपी_नम_थ्रेड्स=४ आणि ओपनब्लास_नम_थ्रेड्स=४ एक्स्पोर्ट करा. एनप्रोक (थ्रेड किती ते सांगणारी) ही आज्ञाही ओएमपीचा तो आकडा मानते, त्यामुळे "मेक -जे एनप्रोक" लिहिणाऱ्यांचीही आपोआप चारवर सोय होते. ज्याला जास्त हवेत तो स्वतः बदलेल. नोटबुक लॉगिन शेलमधून सुरू होत नाहीत, तेव्हा त्यांना हीच दोन व्हेरिएबल स्पॉनरच्या एन्व्हायर्नमेंटमधून द्यावी लागतात. हे विसरलं की अर्धी लॅब तशीच राहते. नोटबुकना सीपीयू_लिमिट द्यायचंच असेल तर ८ द्या आणि थ्रेड त्यापेक्षा कमी ठेवा.

---

उद्यमबाग_कास्टिंग

फौंड्रीच्या कास्टिंग सिम्युलेशनसाठी असाच सामायिक सर्व्हर सांभाळतो, म्हणून "आपोआप" या शब्दाबद्दल लिहितो.

वेटने रोजची गर्दी सुटते. पण एकजण सकाळपासून पंधरा थ्रेड धरून बसलाय आणि दुसऱ्याला दहा मिनिटांचं काम आहे, तर दोघांचा वाटा सारखा असणं मला न्याय्य वाटत नाही. बराच वेळ खाणाऱ्याला हळूहळू मागे सरकवावं. जुना ऑटो नाइस डेमन हेच करायचा, पण तो एकेका प्रोसेसचा साचलेला सीपीयू वेळ बघतो, म्हणजे मॅडमच्या स्क्रिप्टचीच तिसरी तक्रार. छोट्या प्रोसेस जन्मतात, मरतात, प्रत्येकीचा हिशोब शून्यापासून. सीग्रुपच्या मीटरमध्ये मेलेल्या प्रोसेसचा खर्चही जमा राहतो, तिथं लपता येत नाही.

करायचं ते असं. युजर-*.स्लाइस या प्रत्येकाच्या सीपीयू.स्टॅटमधला युसेज_युसेक दर मिनिटाला वाचा आणि मागच्या वाचनातून वजा करा. ६ कोटींनी भागलं की त्या मिनिटात सरासरी किती थ्रेड वापरले ते मिळतं (एका मिनिटात ६ कोटी मायक्रोसेकंद). सलग १५ मिनिटं सरासरी ८ च्या वर राहिली तर:

सिस्टमसीटीएल सेट-प्रॉपर्टी --रनटाइम युजर-१००१.स्लाइस सीपीयूवेट=२०

सलग ३० मिनिटं ४ च्या खाली राहिली की परत १००. वर जायची आणि खाली यायची रेघ वेगळी ठेवणं गरजेचं आहे. दोन्हीकडे ८ च ठेवलं तर ७.९ आणि ८.१ च्या मध्ये डोलणारं काम दर थोड्या वेळाने आत-बाहेर करत बसतं.

वेट २० चा परिणाम: समोर १०० वाला एक तगडा युजर असेल तर ३२ थ्रेडची वाटणी साधारण ५.३ विरुद्ध २६.७. समोर कुणीच नसेल तर मागे टाकलेल्यालाही सगळं मशीन. काम मरत नाही, फक्त लाइनीत मागे जातं.

फसायच्या जागा:

मुलगा पूर्ण लॉगआउट झाला की स्लाइस मोडतो आणि मीटर शून्यावर येतं. पुढची वजाबाकी ऋण येते. ऋण आलं तर नवीन वाचन हीच सुरुवात धरा.

--रनटाइमने लावलेली सेटिंग लॉगआउटनंतरही रीबूटपर्यंत टिकते. त्यामुळे स्लाइस नाहीसा झालेल्या युजरचीही नोंद ठेवा आणि तो परत आला की १०० करा. नाहीतर गेल्या सोमवारची शिक्षा शुक्रवारपर्यंत चालू राहते. उलट --रनटाइम लिहायचं विसरलात तर रीबूटनंतरही २० च.

१००० च्या खालचे यूआयडी (खात्यांचे क्रमांक) कधीही धरू नका, ती सिस्टमची खाती असतात.

स्क्रिप्ट क्रॉनमध्ये नको, सिस्टमडी टायमरवर ठेवा. आधीची फेरी संपली नसेल तर टायमर दुसरी सुरू करत नाही. मशीन अडलेलं असताना क्रॉन मात्र फेरीवर फेरी रचत जातो.

तयार साधन हवं असेल तर युटा विद्यापीठाने लॉगिन नोडसाठी केलेलं आर्बिटर२ बघा. तेही सीग्रुपवरच उभं आहे: प्रत्येक युजरचा वाईटपणाचा गुणांक मोजतं, मर्यादा ओलांडली की टप्प्याटप्प्याने आवळतं आणि ईमेल पाठवतं. कंपायलरसारख्या प्रोग्रॅमना सूट देता येते. चाळीस खात्यांना मात्र चाळीस ओळींची स्क्रिप्ट पुरते असं माझं मत.

---

टिळकवाडी_लॅब

स्क्रिप्टचा आराखडा कळला. दोन गोष्टी राहिल्या. रात्रभराच्या ओपनफोमसाठी वेगळं काही करावं का? आणि ज्याचं वेट कमी झालं त्याला कळवायचं कसं? मुलांत मराठी, कन्नड दोन्ही बोलणारी आहेत, दोन्ही भाषांत सूचना देता आली तर बरं.

---

उद्यमबाग_कास्टिंग

रात्रभराच्या कामांना स्लर्म (कामं रांगेत लावून चालवणारा प्रोग्रॅम). एका मशीनवरही व्यवस्थित चालतो, जोडीला मंज (ओळख तपासणारी सेवा) लागतो. टास्कप्लगइन आणि प्रॉकट्रॅकटाइप दोन्ही सीग्रुपवर ठेवा आणि सीग्रुप.कॉन्फमध्ये कन्स्ट्रेनकोअर्स, कन्स्ट्रेनरॅमस्पेस हे दोन्ही येस. शेवटचे दोन येस नसतील तर मागितले ४ आणि वापरले ३२ असं सर्रास होतं.

१२ कोअर स्लर्मला आणि ४ कोअर लॉगिनवाल्यांना अशी फाळणी करायची असेल तर युजर.स्लाइसवर अलाउडसीपीयूज लावा. पण क्रमांक आधी एलएससीपीयू -ई ने बघून घ्या. बऱ्याच मशीनवर ० आणि १६ हे एकाच कोअरचे दोन थ्रेड असतात. तिथं ०-७ लिहिलं तर आठ वेगवेगळ्या कोअरचा एकेक थ्रेड मिळतो आणि त्यांचा दुसरा थ्रेड स्लर्मकडे जातो. दोघंही एकमेकांना हळू करतात. चार पूर्ण कोअर हवे असतील तर ०-३,१६-१९.

वीज गेली आणि यूपीएस संपला तर स्लर्म ते काम आपणहून परत रांगेत लावतो, पण पहिल्यापासून. ओपनफोमच्या कंट्रोलडिक्टमध्ये स्टार्टफ्रॉमला लेटेस्टटाइम ठेवायला सांगा, म्हणजे शेवटच्या लिहिलेल्या वेळेपासून पुढे जाईल. राइटइंटरव्हल असा निवडा की दर अर्ध्या तासाला तरी एकदा डिस्कवर उतरेल.

---

खानापूरकर

सूचनेचं. मशीनच्या काळ्या कन्सोलवर देवनागरी किंवा कन्नड दिसत नाही, चौकोन येतात, कारण त्याच्या फाँटला ५१२ आकारांचीच मुभा आहे आणि जोडाक्षरं जुळवायची सोयच नाही. विंडोजमधून एसएसएच करणाऱ्यांच्या खिडकीतही अक्षरं तुटून येतात. म्हणून टर्मिनलवर रोमन अक्षरांत एकच ओळ: वेट कमी झालं, केव्हापासून, परत केव्हा वाढेल. मराठी-कन्नड पूर्ण मजकूर ईमेलमध्ये आणि लॅबच्या दारावर. ओळीत "शिक्षा" हा शब्द नको. मुलाने चूक केलेली नसते, त्याचं काम मोठं असतं.

सगळं लावून झाल्यावर एक परीक्षा घ्या. आधी ऑटोग्रुप बंद करा, नाहीतर तो सेशनवारी वाटणी करतो आणि कंट्रोलर नसतानाही निकाल बरोबर दिसतो. मग दोन चाचणी खाती, दोन्हीकडे वेगवेगळं एसएसएच लॉगिन. एसयू करून दुसऱ्या खात्यात जाऊ नका, तसं केलं तर तुम्ही पहिल्याच स्लाइसमध्ये राहता आणि निकाल खोटा येतो. पहिल्या खात्यात स्ट्रेस-एनजी --सीपीयू ६४, दुसऱ्यात --सीपीयू १. तिसऱ्या खिडकीत सिस्टमडी-सीजीटॉप लावा. तिथं १००% म्हणजे एक थ्रेड. दुसऱ्या खात्यासमोर ९५ ते १०० च्या आसपास आणि पहिल्यासमोर ३१०० च्या आसपास दिसलं तर वाटणी बसली. दुसऱ्याला ५० दिसत असेल तर सीपीयू कंट्रोलर युजर.स्लाइसपर्यंत पोचलेला नाही. युजर.स्लाइसमधली सीग्रुप.सबट्री_कंट्रोल फाईल वाचा, तिच्यात सीपीयू हा शब्द नसेल तर ५०-वाटणी.कॉन्फच्या डिरेक्टरीचं नाव चुकलंय. बहुतेक वेळा त्यातला टिंबच राहून गेलेला असतो.